बागिनातली नोटीस

जलजम्माच्या गिरणीत दळणाचा क्रम ठरलेला आहे. सकाळी सहाला गिरणी सुरू झाली की आधी तांदूळ, त्यातही पहिला मान सोवळ्याच्या तांदळाला. मग गहू, मग नाचणी, मग डाळी. भाजलेले मसाले दुपारी चारनंतर. आणि सुकी मिरची आठवड्यातून एकदाच, शनिवारी संध्याकाळी, सगळं आटोपल्यावर. मिरची झाली की घरचे दोन शेर जाडे तांदूळ घालून ती दगड स्वच्छ करून घेते, म्हणजे रविवारी कुणाच्या देवाच्या पिठाला तिखटाचा वास नको. ते लालसर पीठ ती टाकून देत नाही. रविवारी त्याच्या भाकऱ्या होतात आणि तिचा नवरा रुद्रप्पा त्या नाक पुसत पुसत खातो. अडतीस वर्षांत त्याने एकदाच विचारलं होतं, "दर रविवारी हीच शिक्षा का?" ती म्हणाली होती, "मग मिरची दळणाऱ्या बाईशी लग्न कशाला केलंत?"

नव्या लोकांना हा क्रम कळत नाही. समोरच्या उंच इमारतीतली एखादी मुलगी मंगळवारी सकाळी मिरचीची पिशवी घेऊन येते.

"आंटी, अर्धाच किलो आहे. पाच मिनिटांचं काम."

"पाच मिनिटांचंच आहे गं. पण उद्या तुझ्या शेजारणीला खीर खाताना ठसका लागला तर तिला काय सांगू? पाच मिनिटांचं काम होतं म्हणून?"

"मग मी ऑनलाइन मागवते."

"मागव. आणि त्याला मिरचीचा वास आला तर मला येऊन सांग."

मुलगी निघून जाते. जलजम्मा तिच्या पाठीकडे बघत राहते आणि मग सगळा राग रुद्रप्पावर काढते. गिरणीच्या आवाजाने रुद्रप्पाला एका कानाने कमी ऐकू येतं. कुठल्या कानाने, ते त्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मल्लेश्वरमच्या एका क्रॉसवर, म्हणजे आडव्या रस्त्यावर, घरमालक शेषगिरींच्या बंगल्याच्या आवारात, फाटकाला लागून पत्र्याची खोली आहे, तीच गिरणी. मागे आणखी एक खोली, तो संसार. गिरणीची मोटर, पट्टा, दगडाला टाकी लावणं हे रुद्रप्पाकडे. बाकी सगळं जलजम्माच्या नाकाकडे. कुठल्या घरच्या सांबाराच्या पुडीत धणे किती आणि मेथी किती, हे तिला घराघरांतून पाठ आहे. डबा उघडला की ती चिमूट नाकाशी नेते आणि म्हणते, "वत्सला, यंदा हिंग बदललास. आणि चण्याची डाळ करपलीय. घरी जा, पुन्हा भाजून आण, मी हे दळणार नाही." वत्सला रागावते, घरी जाते, आणि पुन्हा भाजून आणते. पदरचे पैसे देऊन बोलणी खायला लोक येतात, असं रुद्रप्पा म्हणतो. म्हणजे यायचे.

कारण रस्ता बदलत चालला होता. आधी बांगड्यांचं दुकान गेलं. तिथे आता कुत्र्यांच्या वाढदिवसाचे केक मिळतात. ब्लाउज शिवणारा मुनिराजू गेला. तिथे काचेच्या बरणीत मुगाच्या डाळीची कोसंबरी विकायला ठेवतात, जी रामनवमीला देवळात द्रोण पुढे केला की कुणालाही मिळते. सायकलवाल्या इमामसाबचं दुकान गेलं आणि तिथे कॉफीचं दुकान आलं. त्यांनी भिंतीवर शोभेला एक जुनी सायकल टांगली आहे. तिची चेन उतरलेली आहे. जलजम्मा म्हणते, "इमामसाबने उभ्या उभ्या बसवून दिली असती. पण त्याला आता या रस्त्यावर उभं राहायला जागा कुठाय?"

रस्त्यातल्या लोकांना काळजी वाटत नव्हती असं नाही. राममंदिराच्या सभागृहात बैठक झाली तेव्हा सतरंजी पुरली नाही. ब्लाउज शिवायला आता रिक्षा करून जावं लागतं, गच्चीवर पापड घालावेत तर पलीकडच्या इमारतीने ऊन खाल्लं, हारवाली बाई भाडं परवडेना म्हणून गेली, देवाला शुक्रवारी काय घालायचं? बायकांनी भडाभडा सांगितलं. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले वेंकटाचल सर उभे राहिले आणि त्यांनी सह्यांची मोहीम जाहीर केली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत तिघे असे होते, की त्यांनी आपल्या घराचे कागद आधीच बिल्डरला दिले होते. चौथा भाव आणखी चढण्याची वाट बघत होता. देवळातल्या देवाने हे सगळं ऐकून घेतलं. तो तरी काय करणार?

आठवड्याने सर गिरणीत आले. "जलजम्मा, दोनशे बारा सह्या झाल्या! अर्जात पहिलं नाव तुमच्या गिरणीचं घातलंय."

जलजम्मा नाचणी ओतत होती. "सर, त्या दोनशे बारांतल्या किती घरांचं दळण माझ्याकडे येतं?"

सर चष्मा पुसू लागले.

"तुमच्या घरचं शेवटचं कधी आलं होतं?"

"त्याचं असं आहे, की हिचे गुडघे..."

"गुडघ्यांचं मी समजू शकते. काल तुमच्या दारात पिठाची पिशवी टाकून तो स्कूटरवाला गेला, त्याचे गुडघे बरे दिसले."

"हा मुद्दा वेगळा आहे, जलजम्मा. हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"असेल हो. पण दगड फिरायला दाणा लागतो. वरून सह्या ओतल्या तर खालून पीठ पडत नाही."

सर गेले. जाताना म्हणाले, तुमच्यासारख्या माणसांसाठी काही करणं कठीण आहे. ते बरोबरच होतं.

आता त्या बागिनाचं सांगायला हवं.

गणपतीच्या आदल्या दिवशी गौर येते आणि त्या दिवशी माहेराहून लेकीला बागिन येतं. दोन सुपं, एकावर एक झाकलेली. आत तांदूळ, डाळी, गूळ, बांगड्या, फणी, आरसा, काळे मणी, खण, नारळ. देणारीने आणि घेणारीने सुपावर पदर धरायचा आणि डोक्याला लावून घ्यायचं. बागिन आलं म्हणजे माहेर शाबूत आहे. जलजम्मा लग्न होऊन तिपटूरहून आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती, आई नुकतीच गेलेली, भाऊ नाही. पहिल्या गौरीला ती गिरणीच्या उंबऱ्यावर नुसती बसून होती. शेषगिरींच्या आई सुब्बम्मा देवळात निघाल्या होत्या. त्यांना लेक नव्हती. दर वर्षी त्या बागिन भरायच्या आणि देवळातल्या कुणा सवाष्णीला द्यायच्या. फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं, "कुणी आलं नाही का गं तुझ्याकडचं?" सुब्बम्मांनी ते बागिन तिथेच तिच्या ओंजळीत ठेवलं. "आजपासून तू माझी लेक. देवाला मी सांगते, त्याला कळेल."

वर्षं गेली, सुब्बम्मा गेल्या. पण बागिन चुकलं नाही. सून कमलाक्षी ते देत राहिली. जलजम्मा तिला वहिनी म्हणे आणि शेषगिरींना अण्णा. भाडं होतं तेच नावाला, कागद कधी केला नाही. घरच्या लेकीशी कुणी करारपत्र करतं का?

या वर्षी गौरीच्या दिवशी कमलाक्षी अंगण ओलांडून आली. सत्तरीची बाई, नवी साडी नेसलेली, पण नजर जमिनीवर. बागिन नेहमीपेक्षा जड होतं, वरचा खण रेशमी होता.

"वहिनी, एवढं कशाला?"

"असू दे. आज उघडू नकोस हं. गौर गेली की उघड."

हे सांगायची गरज नव्हती, रीतच ती आहे. जलजम्माने बागिन गौरीपुढे ठेवलं, त्याला हळदकुंकू लावलं, शेवंतीचं फूल वाहिलं, आरती ओवाळली. दुसऱ्या दिवशी गणपतीची पूजा झाली, तेव्हा पुन्हा ओवाळली. एकवीस कडुबूंचा, म्हणजे मोदकांचा, नैवेद्य दाखवला, त्यातला एक बागिनाच्या सुपावरही ठेवला.

पंचमीला सकाळी, गौर-गणपती पोचवून झाल्यावर, तिने सूप उघडलं. बांगड्या हातात घालून पाहिल्या, खण रुद्रप्पाला दाखवला. तांदूळ डब्यात ओतायला सूप तिरकं केलं, तर तळाशी प्लास्टिकच्या पाकिटात घडी घातलेला कागद. सगळा इंग्रजीत. खाली फक्त सही कन्नडमध्ये, तिला वाचता येणारी: कमलाक्षी.

"काय आहे?" रुद्रप्पाने विचारलं.

"तिकीट असेल." तिचा चेहरा उजळला. "कधीपासून म्हणतायत, एकदा तिरुपतीला जाऊन येऊ म्हणून. बघा, मनात होतं त्यांच्या."

तो कागद पदरात घेऊन ती वेंकटाचल सरांकडे गेली. सरांनी एकदा वाचला. मग चष्मा काढून, पुसून पुन्हा वाचला.

"तिरुपतीला कधी निघायचं, सर?"

"जलजम्मा, बसा जरा." सर हळूच म्हणाले. "ही नोटीस आहे. साठ दिवसांत गिरणी आणि मागची खोली रिकामी करायची. जागा कमलाक्षीबाईंच्या नावावर दिसते."

"हो. सुब्बम्मांनी सुनेच्याच नावावर केली होती. अण्णांचा हात सढळ म्हणून."

"मग सही त्यांचीच लागणार. बिल्डरबरोबर करार व्हायचाय, त्याआधी जागा मोकळी हवी असेल."

जलजम्माने त्यांच्या हातातला कागद घेऊन त्याची पुन्हा घडी घातली. सरांना वाटलं, आता ही रडणार. ते पाणी आणायला उठले. तर मागून आवाज आला, "मी याला आरती ओवाळली, सर. दोन दिवस. फूल वाहिलं. कडुबू ठेवला!"

घरी येऊन तिने पिशवीत दोन साड्या भरल्या, चादर गुंडाळून काखेत घेतली आणि गिरणीचं मुख्य बटण बंद केलं.

"कुठे निघालीस?"

"माहेरी."

"तिपटूरला? तिथे कोण आहे आता?"

"फाटकाच्या आत." ती म्हणाली आणि अंगण ओलांडून शेषगिरींच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली.

कमलाक्षी ताक घुसळत होती. कागद बघून तिची रवी थांबली.

"जलजा, ऐक. वकील म्हणाले, नोटीस द्यायलाच हवी. हे म्हणाले, पोस्टाने पाठवू. मला ते पटेना. पोस्टमनच्या हातून कशी देऊ गं तुला? वाटलं, निदान चांगल्या दिवशी, कुंकू लावून..."

"कुंकू लावून बोकड कापतात, वहिनी."

कमलाक्षीचे डोळे भरले. पण जलजम्मा तिकडे बघत नव्हती. तिची मान फळीकडे वळली होती. फळीवर सांबाराच्या पुडीचं चकचकीत पाकीट होतं, कोपरा कापलेलं, वर रबर लावलेलं.

"हे काय?"

"अगं, आता दोघांपुरतं कुठे भाजायचं..."

"गिरणीला पाठ लावून राहता, आणि घरात पाकीट!" नोटिशीपेक्षा तिला हेच जास्त लागलं असावं. कारण आवाज आता चढला. बाहेर पेपर वाचत बसलेले शेषगिरी आत आले. बँकेत अधिकारी होते ते, आयुष्यभर दुसऱ्यांना अटी वाचून दाखवलेल्या.

"जलजा, भावनेच्या भरात जाऊ नकोस. आम्हाला आता हे घर झेपत नाही. परदेशातून मुलगा रोज फोन करतो. कायद्याने साठ दिवस दिलेत."

"अण्णा, कायद्याचं तुम्ही वकिलाशी बोला. मी घरातलं विचारते. वहिनी, यंदा बागिन दिलंत की नाही?"

"दिलं."

"म्हणजे मी या घरची लेक आहे की नाही?"

कमलाक्षीने नवऱ्याकडे पाहिलं. "आहेस."

"झालं तर. भाडेकरणीची नोटीस भाडेकरणीला पोचली. ती साठ दिवसांनी काय ते बघेल. लेक आज राहायला आलीय. चादर कुठे टाकू?"

शेषगिरी म्हणाले, "हा काय तमाशा आहे?" पण माहेरी आलेल्या बाईला जा म्हणायला तोंड कसं उघडायचं, हे त्यांना बँकेत कुणी शिकवलं नव्हतं.

ती राहिली. नुसती राहिली असती तर बरं, पण ती माहेरवाशिणीसारखी राहिली. सकाळी म्हणाली, कॉफीत चिकोरी फार. दुपारी म्हणाली, सांबाराला काही चव नाही, पाकिटाचं आहे ना. मग स्वतःच धणे काढून भाजायला बसली, त्या वासाने शेषगिरी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेले आणि दोन्ही वेळा आपण पाणी प्यायला आलो असं म्हणाले. कमलाक्षी तिच्याशी बोलायला जाई, ती हूं हूं करी. मग दोघी मिळून शेंगा सोलत. शेजारी बसूनच दोघींचा अबोला चालला होता.

गिरणी बंद. रुद्रप्पाला लोक विचारत, तुम्ही चालवा की. तो म्हणे, "पट्टा मी ओढतो, नाक तिचं आहे. नाक माहेरी गेलंय." ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांच्यातल्या बहुतेकांना गिरणी बंद आहे हेही कळलं नाही, हे लिहून ठेवायला हवं. पण ज्या सोवळ्याचा स्वयंपाक करतात त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. पितृपक्ष तोंडावर. श्राद्धाच्या पानात विकतचं पीठ वाढून कुणाला आपल्या सासऱ्याच्या आत्म्याचे शिव्याशाप घ्यायचेत? षष्ठीला दोन बायका डबे घेऊन शेषगिरींच्या फाटकाशी आल्या, सप्तमीला सात.

वत्सला तर सरळ ओरडली, "शेषगिरी मामा, आमच्या घरी शनिवारी भटजी येणार आहेत. तुमची लेक कधी पाठवताय सासरी?"

"ती माझी लेक नाही!"

"बरं, बहीण. कधी पाठवताय?"

आणि खुद्द शेषगिरींच्या घरीच, पितृपक्षाच्याही आधी, नवमीला वर्षाचं श्राद्ध होतं. सुब्बम्मांचं.

अष्टमीला दुपारी बिल्डरकडची नित्या आली. गोड मुलगी, हातात सुक्या मेव्याचा डबा, काखेत कागदांची फाईल. जलजम्मा हॉलमध्ये जमिनीवर पाय पसरून शेंगा मोडत बसली होती. नित्या तिला ओलांडून सोफ्यावर बसली.

"आंटी, सगळे कागद तयार आहेत. फक्त तुमची सही. ह्या कोण? घरकामाला?"

कमलाक्षीच्या तोंडून एकदम निघून गेलं, "माझी नणंद."

शेषगिरींनी पेपर खाली घेतला. नित्याचा चेहरा उतरला.

"नणंद? सर, तुम्ही एकुलते एक आहात असं आम्हाला लिहून दिलंय! बहीण असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र लागेल. वारसांचे कागद सगळे पुन्हा बघावे लागतील."

"अहो, ती गिरणीवाली आहे."

"म्हणजे बहीण नाहीत?"

शेषगिरींनी तोंड उघडलं. समोर भिंतीवर आईचा फोटो होता, उद्याच्या श्राद्धासाठी पुसून ठेवलेला, त्याला ताजी तुळशीची माळ. "तसं... म्हणजे आई म्हणायची..."

"सर, आहे की नाही? मला इथे खूण करायचीय."

"कायद्याने नाही!"

"आणि कशाने आहे?" जलजम्माने शेंगा मोडता मोडता विचारलं.

या प्रश्नाला नित्याच्या फाईलमध्ये रकाना नव्हता. ती कमलाक्षीकडे वळली. कमलाक्षीने पेन हातात घेतलं होतं, पण टोपण काढलेलं नव्हतं.

"मुली, मला एवढंच लिहून दे. इमारत झाली की मागच्या गल्लीकडे दहा बाय बारा जागा गिरणीला. तोवर गिरणी कुठेतरी जवळ उभी करून द्यायची. मग मी सही करते."

"आंटी, गिरणी बसणार नाही आमच्याकडे. खाली बेकरी आहे, योगासनांचा वर्ग आहे. मोटरचा आवाज, धूळ, वरून मिरची..." मग तिला काहीतरी सुचलं आणि ती खरोखरच आनंदाने पुढे सरकली. "पण आपण जुन्या वस्तूंचा कोपरा करतोय! तिथे जातं ठेवू. या बाई छान इरकल साडी नेसून दिवसातून दोन तास जात्यावर बसतील. लोक फोटो काढतील. त्यांना पगार मिळेल."

"आणि पीठ?" जलजम्माने विचारलं.

"पीठ निघायलाच हवं असं नाही, आंटी. नुसतं दिसायला."

जलजम्मा उठून उभी राहिली. मांडीवरच्या शेंगांची सालं जमिनीवर पडली. "पीठ न पडणारं जातं! मग त्याच्या शेजारी एक देऊळही करा, आत देव नको, नुसती वाजवायला घंटा. आणि वहिनींनाही बसवा एका कोपऱ्यात. माहेर म्हणून! आत आलं तर घर नाही, नुसतं दिसायला!"

कमलाक्षीने पेन टेबलावर ठेवलं. "सही नाही."

"कमला," शेषगिरी म्हणाले, "विचार करून बोल."

"केलाय. तीन दिवस हिच्या हातचं सांबार खातेय, दुसरं काय करत होते? अत्तेनी, तुमच्या आईनी, देवाला सांगितलं होतं, ही माझी लेक. तेच सूप मी भरलं, आणि त्यात काय घातलं ते मला माहीत आहे. उद्या त्यांचं पान वाढायचंय मला. कुठल्या तोंडाने वाढू?"

"आणि मुलाला काय सांगू? त्याने तिकडे सगळे हिशेब जुळवलेत."

"सांगा, आईने नाही म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलंय, म्हणावं. खोटं वाटत असेल तर फोन करून ऐकू दे त्याला."

नित्या सुक्या मेव्याचा डबा टेबलावरच ठेवून गेली. जाताना म्हणाली, विचार करा, दोन्ही बाजूंचे प्लॉट झालेत, तुमचाच राहील मधे. धमकी नव्हती ती. खरंच सांगत होती बिचारी.

मुलाने फोन केला नाही. त्या रात्रीही नाही, दुसऱ्या दिवशी आजीचं श्राद्ध होतं तरी नाही. कमलाक्षी दोनदा फोनजवळ जाऊन आली.

नवमीला सकाळी सहाच्या आधी गिरणी सुरू झाली. वत्सलाचा डबा, पद्मावतीचा डबा, आणखी पाचसहा. सगळ्यात शेवटी ओल्या धोतराने, कपाळाला गोपीचंदन लावलेले शेषगिरी तांदळाचा डबा घेऊन आले. सोवळ्यातल्या बाईला फाटकाशी येता येत नाही म्हणून त्यांना यावं लागलं होतं. गिरणीच्या इतक्या जवळ राहून ते तिथे रांगेत कधी उभे राहिले नव्हते. बायकांनी बाजू करून त्यांना पुढे जाऊ द्यायला बघितलं.

"रांगेत राहू द्या," जलजम्मा आतून म्हणाली. "सोवळ्याचेच आहेत सगळे."

त्यांची पाळी आली तेव्हा बायका गेल्या होत्या. तिने तांदूळ ओतले, पिठाची धार बोटांवर घेऊन बघितली, रुद्रप्पाला खूण केली तेव्हा त्याने दगड थोडा आवळला.

शेषगिरी मोटरच्या आवाजावरून ओरडले, "एक सांगून ठेवतो. हे आम्ही दोघं आहोत तोवरच. आमच्यानंतर तो विकणार. मी थांबवू शकत नाही."

"मला माहीत आहे, अण्णा."

"दोन्हीकडून इमारती येतील. पाणी, धूळ, काय काय सोसावं लागेल आपल्याला."

"सोसू."

"तक्रारी येतील मिरचीच्या."

"शनिवारी येतील. बाकीचे सहा दिवस नाही."

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," शेषगिरी म्हणाले.

तिने डबा भरला, वर केळीचं पान झाकलं आणि त्यांच्या हातात दिला. "अण्णा, शंभर वर्षं जगा."

"हा आशीर्वाद आहे की शिक्षा?"

"घ्याल तसं," ती म्हणाली. "पण जगा. आणि घरी गेल्यावर ते पाकीट आधी बाहेर टाका."